जाडी पिन

कुरकुंभच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन असलेल्या रोहिदासचे घरच्या साउंड सिस्टिमचे व्हिडिओ अख्खं राहू गाव बघायचं. त्याच्या बहिणीच्या, अनिताच्या घरचा ॲम्प्लिफायर सारखा घरघरायला लागला, तेव्हा दाजींनी त्यालाच फोन लावला. "सोपं हाय दाजी," तो म्हणाला, "प्लगची ती अर्थिंगची जाडी पिन मोडून टाका." घरघर थांबली. दाजी गावभर मेव्हण्याचं कौतुक सांगत फिरले.

पुढच्याच आठवड्यात एकदा आंघोळ करून ओल्या अंगानं गाणी लावायला गेलेले दाजी ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला चिकटले आणि तिथंच गेले. पंचनाम्याला पोलीस यायच्या आत रोहिदासनं गुपचूप प्लग बदलला. "हातच ओले व्हते, दुसरं काय न्हाई," एवढंच तो सगळ्यांना सांगत राहिला.

दहाव्याला घाटावर तोबा गर्दी. प्रवचनाचे महाराज नदीत हातपाय धुवायला उतरले, आणि इकडं स्पीकर घरघरायला लागला. साउंडवाला वायरी हलवून हलवून दमला. शेवटी डोळे पुसत अनिताच उठली.

"दादा, तुला येतंय की. ह्यांना सांगितलं व्हतंस तसं कर."

सगळा घाट रोहिदासकडं बघायला लागला. साउंडवाल्यानं पक्कड पुढं केली. रोहिदासनं ती घेतली, पिन मोडली, आणि घरघर थांबली.



महाराज ओल्या हातानंच माईककडं निघाले, तसा रोहिदास चार पावलं मागं सरला.