ढिला लगाम

दोंडाईच्याजवळच्या त्या गावात लोटन आबांच्या घोडेस्वारीचं साऱ्यांना मोठं अप्रूप. रोज सकाळी आबा एकटेच चंद्री घोडीवर बसायचे, नाला ओलांडून तीन मैलांवरच्या कपाशीच्या शेतात जायचे आणि दिवस मावळायला बिनचूक दारात उतरायचे. कुणी वाखाणणी केली की म्हणायचे, "लगाम ढिला सोड भाऊ, घोडीले वाट ठाऊक शे."

थोरला छगन हे वाक्य चारचौघांत बापाची शिकवण म्हणून सांगायचा, पण आबा घरी येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा. या वयात घोडीवरून पडले म्हणजे?

आबांचा जन्म दत्तजयंतीचा. साठी पुरी झाली त्याच दिवशी छगनने मनावर दगड ठेवून, मिरवायला नेतो म्हणत, चंद्रीला सारंगखेड्याच्या यात्रेत नेलं आणि विकून टाकलं. संध्याकाळी त्याने आबांच्या तळहातावर साखळीचं नवंकोरं घड्याळ ठेवलं.

"आबा, चंद्री चांगला घरले दिधी. आते गावात एस.टी. येस, तिनी येळ देखाले हाई घड्याळ. देखा बरं, कितला वाजनात?"

आबांनी घड्याळ कानाशी धरलं. मग त्यांचा दुसरा हात हवेत चाचपडत छगनचा खांदा शोधू लागला.



"वरीस व्हयनं रे छगन, माले काहीच दिसत नही. वाट घोडीलेच ठाऊक व्हती."