मातीतला ठसा

पूर्वार्धात शिट्टी फुंकून निळ्या संघाच्या चढाईपटूला बाद दिल्यावर पंच घाडीसरांना मातीतला ठसा दिसला. पाय रेषेच्या आतच पडला होता. दिलेला निर्णय फिरवायचा धीर मात्र झाला नाही.

तेव्हापासून ते शिट्टी सारखी बाहीला पुसत होते. आता सामना बरोबरीत होता, चढाई शेवटची, आणि आला तोच मुलगा. तो जिंकला तर आपण सुटलो, असं त्यांना वाटत होतं.

मुलाने गडी टिपला, पण त्याआधीच त्याची टाच रेषेबाहेर टेकली होती. बाकी कुणाला दिसली नाही. कोरड्या ओठांनी सरांनी शिट्टी फुंकली. बाद.

“पंच विकला गेलाय,” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

मुलगा धापा टाकत जवळ आला. “हा बरोबर दिलात, सर,” तो हळूच म्हणाला. “मघाचा चुकला होता.”