उखाण्यातली आचारसंहिता

शेफालीच्या हातात माइक गेला आणि भाग्यश्रीच्या हातातली गुलाबदाणी तशीच राहिली.

समोर शंभरेक बायका. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळगूळ. दाराशी निवडणुकीचं भरारी पथक, म्हणजे एक करड्या चेहऱ्याच्या अधिकारी बाई आणि त्यांचा कॅमेरावाला. कॅमेरा चालू होता. मतदान दुसऱ्या दिवशी होतं. आणि शेफाली, भाग्यश्रीची धाकटी जाऊ, उमेदवार रविराजची बायको होती. उखाणा म्हटला की नवऱ्याचं नाव आलंच. इथे ते घ्यायचं म्हणजे संस्थेच्या मंचावरून उमेदवाराचं नाव घ्यायचं.

भाग्यश्री या संस्थेची सचिव. हडपसरमधली ही अभ्यासिका संस्थेला एकाच अटीवर मिळाली होती: इथे राजकारण नाही. अट मोडली की किल्ली परत. मग स्पर्धा परीक्षांच्या चाळीस मुली पुस्तकं घेऊन बसणार कुठे? या एका काळजीने भाग्यश्रीने सख्ख्या दिराला महिनाभर अभ्यासिकेची पायरी चढू दिली नव्हती. कपबशी कुण्या अपक्षाचं चिन्ह निघाली, तेव्हापासून चहा स्टीलच्या पेल्यांतून मिळत होता. हळदीकुंकू निकालानंतर करू असंही ती म्हणाली होती. बायकांनी तिला वेड्यात काढलं. एवढं करूनही रविराजच्या विरोधातल्या श्यामरावांनी तक्रार ठोकलीच, की वहिनींची संस्था दिराचा प्रचार करते आहे. म्हणून तर हा कॅमेरा.

शेफालीला तिने मागच्या रांगेत बसायची शपथ घातली होती. पण बायकांनी तिला हाताला धरून ओढत पुढे आणलं. घरच्या सुनेनं उखाणा घ्यायचा नाही, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय, असं एकीने विचारलंसुद्धा. भाग्यश्रीने दुरूनच डोळे वटारले. शेफाली गालातल्या गालात हसली आणि तिने माइक तोंडाशी धरला.

"हलव्याचे दागिने, काळी चंद्रकळा,
नाव आहे ओठांवर, पण नियम दाबतो गळा."

भाग्यश्रीचा जीव भांड्यात पडला. पडतो न पडतो तोच शंभर बायका एका सुरात ओरडल्या, "रविराज!" वर टाळ्या. शिवाय ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा दोनदा.

अधिकारी बाई शांतपणे वही उघडून म्हणाल्या की याची नोंद घ्यावी लागेल. भाग्यश्रीच्या पायाखालची जमीन सरकली. चाळीस मुली तिला रस्त्यावर बसलेल्या दिसू लागल्या. घाबरलेल्या माणसाला सुचतं तसं तिला काहीतरीच सुचलं. पहिल्या रांगेत श्यामरावांची बायको तनुजा येऊन बसली होती, हळदीकुंकवाला कमी आणि पाळतीवर जास्त. भाग्यश्रीने माइक उचलला आणि सरळ तिच्या हातात दिला.

"आमची संस्था कुणाला झुकतं माप देत नाही. तनुजाताई, आता तुम्ही घ्या."

"बाई, एकाच्या जागी दोन नावं झाली म्हणजे नियम दुरुस्त होत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या. पण त्यांचं ऐकतंय कोण? तनुजा पदर सावरत उभी राहिली होती. कॅमेरा आपल्याकडे वळलेला पाहून ती खुलली होती. नवऱ्याचं नाव दणक्यात घ्यायचं असं तिने ठरवलेलं दिसत होतं. फक्त एक अडचण होती. गेले पंधरा दिवस तिच्या घरात सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत एकाच माणसाच्या नावाने शिमगा चालला होता, आणि तो माणूस तिचा नवरा नव्हता.

"वाण लुटलं आनंदानं, कुंकू लावलं भाळी," तनुजा खणखणीत आवाजात म्हणाली, "रविराजरावांचं नाव घेते संक्रांतीच्या वेळी!"

मग असा हशा फुटला की खिडक्यांची तावदानं थरथरली. शेफाली हसत हसत खालीच बसली. एका आजींची कवळी सटकून ओटीत पडली. कॅमेरावाल्याचे खांदे हलत होते, म्हणून चित्रसुद्धा हललं असणार. अधिकारी बाईंनी वहीआड तोंड लपवलं. चाळीस मुलींची काळजी उरावर असूनही भाग्यश्री डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तनुजा मात्र माइक हातात धरून, आपलं काय चुकलं ते एकेकीला विचारत होती.

तासाभरात श्यामराव स्वतः पथकाच्या कचेरीत हजर झाले. सोबत हाताने लिहिलेला अर्ज होता: "सदर संस्थेबाबतची माझी तक्रार मी राजीखुशीने मागे घेत आहे. कार्यक्रमाच्या चित्रीकरणात आक्षेपार्ह असे काहीही नाही. तरी ते कृपया कोणालाही दाखवू नये."