टोचलेलं नाक

"पोराचं नाक टोच, चांगुणे. मरण आलंच, तर पोरगी समजून माघारी जाईल." आधीची बाळं गेल्यावर सासू म्हणाली होती. चांगुणानं तान्ह्या दिग्विजयचं नाक टोचलं, आणि पोर जगलं.

आज घोटावड्यातल्या चांगुणाच्या अंगणात पोलीस फोटो घेऊन आले होते. बायकोचा जीव घेऊन परदेशी पळालेला दिग्विजय तिकडं सापडला होता, पण नाव बदलून. "हा तोच, हे ठरलं नाही तर तिथलं कोर्ट त्याला सोडून देईल, मावशी. फाशी देणार नाही असं आपल्या सरकारनं लिहून दिलंय, तेव्हा कुठं तिकडचं सरकार त्याला परत द्यायला तयार झालंय."

"ह्यो माझा न्हाई," चांगुणा पुन्हा म्हणाली.

उंबऱ्याशी सुनेचा बाप किसन हात जोडून उभा होता. "विहीणबाई, माझी रुपाली गेली वो. एकदा नीट बघा की."

फोटोतल्या नाकपुडीवरच्या बारीक खळीवर चांगुणाचं बोट थांबलं.



"ह्योच हाय, किसनदादा. मरणाला फसवाया म्याच टोचलेलं हे नाक; तुमास्नी न्हाई फसवत."