सोळापट

दुकानदाराने बंदुकीवर बसवायची दुर्बीण परत घेतली नाही. पण हे आपण वाचलंच नाही असं समजू. कारण धाकट्याने ती अजून विकतच घेतलेली नाही. काउंटरवर कोपर टेकून, एक डोळा मिटून, तो समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला कुणाचा तरी मोजा बघतोय. मोज्याला भोक आहे.

"तुमची बंदूक मारणार प्लास्टिकचे छर्रे," दुकानदार म्हणाला. "पन्नास-साठ मीटरवर छर्ऱ्याचा जीव जातो. चारपट दिसलं तरी पुष्कळ. सोळापट कशाला?"

"जास्त दिसलं तर बिघडलं कुठे?"

दुकानदाराने खांदे उडवले आणि खोकं बांधलं.

धाकटा नेमबाज होता. म्हणजे बाकी काहीच नव्हता. परीक्षेत तिसऱ्यांदा आपटल्यावर त्याने खोलीचं दार लावून घेतलं, जेवण सोडलं. मग दादाने त्याला ओढत या छर्ऱ्यांच्या लुटुपुटीच्या लढाईला आणलं, बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. इथे पंच नसतो. छर्ऱ्याचा डागही पडत नाही. म्हणून ज्याला लागेल त्यानेच हात वर करून ‘लागली!’ म्हणायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. धाकट्याची पहिलीच गोळी दादाला लागली. त्या दिवशी तो पोटभर जेवला. तेव्हापासून दर रविवारी दादा समोरच्या संघात, आणि दर रविवारी दादा बाद.

"दादा, तू म्हणजे चालतं कपाट आहेस," धाकटा सगळ्यांसमोर म्हणायचा. "तुला न लागणं हीच खरी कला." सगळे हसायचे. कपाटही हसायचं.

त्या रविवारी धाकटा छपरावर आडवा झाला. सोळापट दादा दुर्बिणीत मावेना. पिंपामागून आधी नुसता कान दिसला, मग घाम, मग वाकताना दुखऱ्या गुडघ्यावर टेकलेला हात. धाकट्याने चाप ओढला. पांढरा छर्रा निघाला, वाऱ्याने वळला आणि दादापासून चांगला हातभर लांब भिंतीवर आपटला.

"लागली रे!" दादा ओरडला.

दुसऱ्या डावात छर्रा पिंपावर टणकला. "लागली!"

तिसऱ्या डावात धाकट्याने छर्रा भरलाच नाही. रिकामी बंदूक नुसतीच फट् वाजली. दादाने आधी छपराकडे पाहिलं, मग छाती धरली आणि अगदी मन लावून कोसळला.

डाव संपल्यावर तो गुडघा चोळत आला. "काय रे, नवी दुर्बीण कशी आहे? दिसतं का नीट?"

"जरा धूसर आहे."

"असू दे. तुझा नेम कुठे चुकतोय!"

सोमवारी धाकट्याने दुकानात अर्ज दिला: ‘महोदय, आपल्या दुर्बिणीत कोणताही दोष आढळला नाही. सबब ती परत घ्यावी, शनिवारपर्यंत दिसत होते तेवढेच दिसेल अशी व्यवस्था करावी, आणि "चालतं कपाट" हे शब्द मागील तारखेपासून रद्द समजावेत, ही नम्र विनंती.’