धुतलेलं जाळं

पेला काठोकाठ भरलेला होता, उलटा होता, आणि साहेबांच्या टकलापासून बरोबर वीतभर वर होता.

तो धरला होता सातवीतल्या दुर्गानं, स्टुलावर उभं राहून. पेल्याच्या तोंडावर तिनंच घरून आणलेला, झिंगे धरायच्या बारीक जाळ्याचा तुकडा, सायकलच्या ट्यूबचं रबर कापून आवळलेला. त्याला खालून वहीचा पुठ्ठा लावलेला. आता तेवढा पुठ्ठा ओढायचा. हेमराज सर म्हणत होते, पुठ्ठा काढला तरी पाणी जाळ्यातच राहील, थेंबही गळणार नाही. साहेब म्हणत होते, जाळ्यात पाणी राहिल्याचं आपण पंचावन्न वर्षांत पाहिलं नाही.

साहेब म्हणजे शाळा तपासायला आलेले विस्तार अधिकारी. आल्या आल्या त्यांनी विज्ञानाचं कपाट उघडलं. सलाईनच्या नळ्या, उडालेले बल्ब, फाटक्या ट्यूबा, थर्माकोलचे तुकडे.

"याला साहित्य म्हणता, सर? हे तर कबाड आहे. अकरा पोरांसाठी कबाडावर सातवी चालवायची? त्यापेक्षा मोठ्या गावच्या शाळेत जाऊ द्या त्यांना."

मांडीवरच्या शेरेबुकात 'सातवीचा वर्ग' एवढं त्यांनी लिहूनही टाकलं. मग पोरांचे चेहरे पाहून त्यांना काय हुक्की आली कोण जाणे, खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "चला, जाळ्यात पाणी राहिलं तर सातवी राहिली. करा माझ्याच डोक्यावर!"

मोठं गाव आठ किलोमीटर. दुर्गाचा बाप सुखराम तलावात मासे धरायचा, आणि त्यानं सांगून ठेवलं होतं: गावात वर्ग आहे तोवर शाळा, नाहीतर जाळं विणायला बस.

सरांचे हात कापत, म्हणून पेला पोरीच्या हाती. प्रयोग त्यांनी इतकी वर्षं केला होता की पेल्यालाही तो पाठ झाला असावा. रबर नीट बसलं का ते पाहायला सर वाकले आणि थबकले.

जाळ्याला वास नव्हता.

झिंग्याच्या जाळ्याचा तुकडा शनिवारी कपाटात ठेवला, तर सोमवारी गावातली सगळी मांजरं प्रार्थनेला रांगेत हजर, असा तो वास. आज मात्र जाळ्याला नव्या साड्यांच्या दुकानासारखा सुगंध.

"दुर्गे, हे जाळं..."

"मायनं धुतलं, सर," ती ओठ न हलवता पुटपुटली. "साहेब नाक दाबतीन म्हणे. तीन डाव साबण लावला."

"आन् खंगाळलं?"

"थोडंसंच. घंटी होऊन राहिली होती न."

साबण लागलेलं जाळं पाणी धरत नाही.

"काय कुजबुज चालली?" खालून साहेब म्हणाले. "मान अवघडून राहिली माझी."

कपाट दोन पावलांवर होतं. त्यात लग्नपत्रिकेवरचं पारदर्शक प्लास्टिक होतं. 'पुठ्ठा बदलतो' म्हणून पेला सरळ करायचा, प्लास्टिकची एक चकती जाळ्यावर सरकवायची. पाणी राहिलं असतं, सातवी राहिली असती, आणि चष्मा लावून वर पाहिलं तरी साहेबांना कळलं नसतं. सरांचा हात कपाटाच्या कडीपर्यंत गेलाही.

समोर अकरा वह्या उघड्या होत्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर सरांनीच लिहून दिलेली ओळ: जे दिसलं ते लिहा. खोडू नका.

हात मागे आला.

"ओढ," सर म्हणाले.

दुर्गानं त्यांच्याकडे पाहिलं.

"ओढ, बेटा."

पुठ्ठा निघाला. पाणी क्षणभर विचार करत थांबलं आणि मग पडलं. पेलाभरच पाणी, पण पडलं असं की जणू तलावच फुटला. टकलावरून चष्म्यावर, चष्म्यावरून मिशीवर, मिशीवरून थेट शेरेबुकात. निळी शाई पसरत गेली.

कोणी हसलं नाही. भिंतीवरच्या पालीनंसुद्धा शेपूट हलवली नाही.

"लिहा," सर म्हणाले. दहा पेनं खाली झुकली. 'पाणी पडले.' "आता काहून पडलं, ते सांगा."

साहेबांनी चष्मा काढला, तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी दुर्गा बोलली, स्टुलावरूनच, रिकामा पेला छातीशी धरून.

"साबणानं, सर. ते पाण्यावर पळणारे किडे असतेत न, ते कधी बुडत नाही. पण घाटावर बाया धुणं धुतेत, तवा साबणाचं पाणी आलं का बुडतेत. पाण्याले वरतून सायीसारखं काही असते. साबणानं ते फाटते." ती थांबली. मग खाली टकलाकडे पाहत हळूच म्हणाली, "तुमाले वास येऊ नये म्हणून मायनं धुतलं जी."

साहेबांनी शेरेबुकाकडे पाहिलं. 'सातवीचा वर्ग' आता वाचता येत नव्हतं. त्यांनी पान झटकलं, बुक मिटून बाकावर ठेवलं आणि खिशातून रुमाल काढला. डोकं पुसतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी नुसता चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची तसूभरही न हलवता पुन्हा टेकून बसले.

"पोरी, घर किती दूर आहे तुझं?"

"हे काय जी, तलावाच्या पाळीवर."

"मग पळ, दुसरं जाळं आण."

टकलावरचा एक थेंब घरंगळत नाकाच्या शेंड्याशी येऊन लोंबकळला. तो पडायच्या आत साहेब म्हणाले, "आणि ऐक. वासाचंच आण."