जरीची गाठ

"तुटला तर सांधू नका हं. गाठीतून वीज जात नाही. सगळा पीस वाया जाईल," ऋचा म्हणाली आणि तांबूस धाग्याचं रीळ तिनं स्वरूपाच्या हातात दिलं.

इंदुताईंचा पुढे आलेला हात पदराकडे वळला.

वडगावातल्या त्या घरात हातमाग दोन, जावाही दोन. धाकटी स्वरूपा लग्न होऊन आली तेव्हा तिला धोटा धरता येत नव्हता. थोरल्या इंदुताईंनी शिकवलं. आणि आता बेळगावच्या कॉलेजातली ही ऋचा केसासारखी तार गुंफलेला धागा घेऊन आली होती. त्याचं कापड पेशंटच्या छातीवर बांधलं की श्वास मोजणार होतं. नमुन्याला जोडलेला दिवा लागला, तर कॉलेजात विणकाम शिकवायला एक बाई हवी होती. एकच.

चाळीस वर्षं विणून इंदुताईंना कुणी कधी बाई म्हटलं नव्हतं.

"आक्का, तुमच्या डोळ्यांना तरास नको म्हणून मला दिलं त्यांनी," स्वरूपा मऊ आवाजात म्हणाली. त्या मऊपणानंच जास्त भाजलं.

इंदुताईंनी आपल्या मागावर ओवी धरली.

*उभा ताणा माझा बाई, आडवा बाणा तिचा*
*विणता बोटं माझी गेली, काठ मिरवी तिचा*

"मला म्हणताय व्हय?"

"लुगड्याला म्हणते, बाई."

त्यांच्या काठाची जरीची तार तुटली. टोकं दातांत धरून त्यांनी हलकेच सोलली, पिळली, गाठ मारली. सोलल्याशिवाय जरीची गाठ निसटते.

"शी! तोंडात घालून!" स्वरूपा हसली. "मला न्हाय जमायचं ह्ये जन्मात."

आठव्या दिवशी, भर दुपारी, स्वरूपा पिरनवाडीला माहेरी गेली. नमुना मागावर अर्धा होता. इंदुताई उठल्या. कात्रीचं टोक लावलं. तांबूस धागा तुटला, आवाजही झाला नाही.

तुटका दिसला तर बोभाटा होईल. त्यांनी टोकं दातांत धरली, सोलली, पिळली, बारीक गाठ मारली. वर चार धोटे फेकले. गाठ विणीत बुडाली. आता लाव म्हणावं दिवा.

स्वरूपानं परत येऊन नमुना पुरा केला. सोमवारी ऋचानं तो स्वरूपाच्या छातीवर बांधला. इंदुताई चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"लागला!" ऋचा ओरडली.

इंदुताई वळल्या. हिरवा दिवा स्वरूपाच्या श्वासाबरोबर मिणमिणत होता.

ऋचानं कापड सोडून भिंगाखाली धरलं आणि एकदम थांबली. "इथं गाठ आहे! तरी वीज जातेय? तारेवरचा लेप कुणीतरी अल्लाद सोललाय. आठ महिने झाले, आम्ही सोलायला गेलो की तारच तुटते." तिनं वर पाहिलं. "ज्या हातानं ही गाठ मारली, तोच हात मला कॉलेजात हवाय. कुणी मारली?"

'मी' इंदुताईंच्या अगदी ओठांशी आलं. पण मग धागा तुटला कसा, हेही सांगावं लागलं असतं.

स्वरूपानं गाठीवरून नख फिरवलं. थोरल्या जावेकडे बघत राहिली.

"माझीच," ती म्हणाली. "तुटलाता जरा. आक्कांनी शिकवलीया. व्हय की न्हाय, आक्का?"

ऋचाही बघत होती.

"व्हय," इंदुताई म्हणाल्या. "माझ्यापरास बेस बांधती."